सरिताचं मनगट

धरणगावपासून थोडं आत, कापसाच्या काळ्या रानात वसलेल्या त्या गावात सरिताच्या मनगटाची जेवढी चर्चा झाली, तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचीही झाली नसेल. बाईच्या हातात बांगडी नाही आणि नवरा तर सुरतेत धडधाकट, मागावर उभा राहून कापड विणतोय. बांगडी नसलेल्या बाया गावात होत्या, पण त्यांचे नवरे गेलेले होते. त्यांचं गणित गावाला कळत होतं. सरिताचं कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याच्यावर बोलण्यात गावाला फार गोडी.

झालं असं होतं की, नूतन तिसरीत असताना एका दिवाळीला सरिता लेकीला घेऊन, न कळवता, सुरतेला गेली. नवरा, ईश्वर, खूश होईल म्हणून. उधन्याच्या एका गल्लीत खोलीचं दार दुसऱ्याच बाईने उघडलं. तिच्या कडेवर पोर होतं आणि पोराच्या तोंडावर ईश्वरचं नाक होतं. सरिताने फराळाचा डबा ओट्यावर ठेवला आणि आल्या पावली स्टेशन गाठलं. रडली नाही असं नाही. नंदुरबार येईपर्यंत रडली, अमळनेरला तोंड धुतलं. घरी आल्यावर हाताला साबण चोळून एकेक बांगडी सोडवून काढली. एकही फुटू दिली नाही. फोडायला तिचा नवरा मेला नव्हता.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी. भागाअक्का म्हणजे ईश्वरची चुलती, भावकीतली सगळ्यांत थोरली बाई. दोन्ही डोळे गेलेले. माणूस ओळखायचं तर ती हात धरायची, आणि बायकांना ओळखायची ती बांगड्यांवरून. कोणाच्या किती, कोणाच्या पाटल्या, कोणाची काच आणि कोणाचं प्लास्टिक, सगळं तिच्या बोटांना पाठ. सरिताने पाण्याचा तांब्या दिला, अक्काने मनगट धरलं, चाचपत कोपरापर्यंत गेली, परत खाली आली, आणि तिने जो हंबरडा फोडला तो मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेला. "मना इसवर गया वं माय!"

सरिताला तोंड उघडायची सवड मिळेना. गल्ली गोळा झाली, बाया गळ्यात पडल्या, कोणी चूल विझवली, कोणी भिंतीवरच्या गोवऱ्यांकडे बघायला लागलं. मोठा जेठ, ईश्वरचा थोरला भाऊ लीलाधरआबा, शेतातून चिखलाच्या पायाने धावत आला आणि मुडदा सुरतहून कधी निघणार हे विचारायला त्याने ईश्वरच्याच नंबरावर फोन लावला. फोन ईश्वरने उचलला. पलीकडची रडारड ऐकून त्याने विचारलं, "कोन मरनं, आबा?"

मेला नाही हे कळल्यावर गावाने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण गाव चिडलं, आणि चिडलं ते सरितावर. त्याने सुरतेत दुसरं घर केलं ते चालून गेलं. हिने जित्त्या माणसाला मारलं हे काही चालेना. अक्का तेवढी हिरमुसून म्हणाली, "आनी माले सांगानं ते." सरिता म्हणाली, "मरेल नही शे अक्का. मी सोडेल शे त्याले."

तो हात काही वर्षं तसाच रिकामा राहिला. मग तिथे घड्याळ आलं, आणि ते नटण्यासाठी आलं नव्हतं. शेताची वीज पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटर कधी चालू करायची, पाण्याचं बारं कधी दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, हे बाईला एकटीलाच बघायचं होतं, आणि मोबाइल एकदा विहिरीने गिळला होता. म्हणून धरणगावच्या बाजारातून तिने मोठ्या आकड्यांचं घड्याळ घेतलं. दुकानदार म्हणाला, बाई, हे गड्यांचं आहे. ती म्हणाली, काम पण गड्याचंच आहे.

घड्याळ चांगलं होतं, पट्टा नव्हता. कातड्याचा पट्टा पाणी भरताना भिजायचा, घामाने कुजायचा, मेल्या उंदरासारखा वास मारायचा. बदलायचा म्हटलं की तालुक्याला जा, घड्याळवाल्यापुढे हात बांधून बस, तो डोळ्याला भिंग लावून अणकुचीदार हत्याराने टोचत बसणार, आणि टोचता टोचता विचारणार, "भाऊ नाही आले का सोबत?" त्या विचारण्याचा तिला पट्ट्यापेक्षा जास्त वास यायचा.

त्यातून सुटका केली नूतनने. पोरगी जळगावला बी.कॉम. करत एका घड्याळाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. पहिल्या पगाराला आईसाठी साडी आणेल अशी भावकीची अपेक्षा. तिने आणली पट्ट्यांची पुडी. काळा रबरी, निळा कापडी, लाल, पिवळा, आणि एक पोपटासारखा हिरवा. आईला ओट्यावर बसवून तिने घड्याळ पालथं धरलं.

"हे बघ, पट्ट्याच्या टोकात स्प्रिंगची काडी असते. नेहमीच्या पट्ट्याला ती हत्याराने दाबावी लागते. या पट्ट्यांना मागून बारीक बोंडी ठेवलीय. नखाने ती आत ओढायची, काडी आखडते, पट्टा हातात. बसवताना आधी काडीचं एक टोक भोकात, मग बोंडी ओढून दुसरं. सोडलं की टक. बक्कलचा तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा सहाच्या."

सरिताचं नख कापूस वेचून भेगाळलेलं. पहिल्यांदा बोंडी निसटली, दुसऱ्यांदा काडी उडून नूतनच्या मांडीवर पडली, एकदा तर पट्टा उलटा बसला आणि बक्कल सहाच्या बाजूला गेलं. मायलेकी हसल्या. मग टक आवाज आला. सरिताने पट्टा ओढून बघितला, पक्का होता. तिने तो काढला, पुन्हा बसवला. पुन्हा काढला. त्या संध्याकाळी तिने भाकरी उशिरा थापल्या.

कोणाला गंमत वाटेल, पण तिला त्या बोंडीचा फार आधार वाटला. बांगडी काय, दुसऱ्याने दाबून चढवायची आणि दुसऱ्यानेच दगडावर फोडायची. मधल्या सगळ्या वर्षांत हात मात्र आपला. इथे कोणी लागत नव्हतं. पाणी द्यायचं असलं की रबरी, बाजाराला कापडी, सणाला लाल. गावालाही नवं खाद्य मिळालं. जेठाणी एकदा म्हणाली, लाल रंग शोभतो का तिला, नवरा जवळ नसलेल्या बाईला. सरिताने तिच्यासमोर बसून लाल काढला आणि पिवळा चढवला. "हाऊ चालस का, बाई? नही ते निळा बी शे." जेठाणी उठून गेली. त्या दिवसापासून रंगाचा विषय कोणी तोंडावर काढला नाही, पाठीमागे भरपूर काढला.

आणि अशात नूतनचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, योगेंद्र, वीज कंपनीत लागलेला. माणसं साधी. सगळं ठरवलं सरितानेच, बैठकीत बसून. लीलाधरआबाने मान डोलावली होती. पण लग्न चार दिवसांवर आलं तसा तो एका सकाळी ओट्यावर येऊन बसला. आबा वाईट माणूस नव्हता. पेरणीला बैलजोडी देणारा, नूतनच्या परीक्षेला तिला मोटरसायकलवर घेऊन जाणारा. पण लोक काय म्हणतील या एका वाक्यापुढे त्याची सगळी माणुसकी गुडघे टेकायची.

"इसवर ई ऱ्हायना," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कन्यादानले तुम्ही दोन्ही पाटवर बठशात. ते हातमा बांगड्या भरी ले. घड्याळ राहू दे चार दिन."

"आनी नही भऱ्यात ते?"

"ते मी आनी तुनी जेठानी बठसूत. तू मांगे हुभी ऱ्हाय. मांडवमा व्याही शेतस, पाव्हना शेतस. बाप जित्ता नि नवरीनी मायना हात रिकामा, आसं नही चालाव."

दिवसभर सरिताने तांदूळ निवडले आणि पुन्हा पुन्हा तेच तेच खडे चाळत बसली. पोरगी तापाने फणफणली तेव्हा तिला पाठीशी बांधून धरणगावच्या दवाखान्यात कोण गेलं? शाळेची फी, वह्या, जळगावची खोली, दुकानातली नोकरी, सगळ्याला कोण उभं राहिलं? आणि आता तिच्या हातावर पाणी सोडायच्या वेळी मागे उभं राहायचं. नाहीतर त्या माणसाच्या नावाने हात भरून त्याच्या शेजारी बसायचं, त्याने सगळं निभावलं असं जगाला दाखवायचं. तिला राग आला, आणि राग आल्याने तिला बरं वाटलं. दोन्हीतलं एकही करायचं नाही असं तिने ठरवलं. पाणी मीच सोडणार, आणि सोडणार ते याच हाताने.

बांगड्या भरायच्या दिवशी कासारीण बेबाबाई सकाळीच टोपली घेऊन आली. त्या भावकीची रीत अशी की पहिला हात नवरीच्या आईचा. तिच्या हातात बांगडी पडल्याशिवाय कासारीण नवरीच्या चुड्याला हात लावत नाही, आणि नवरीचा चुडा भरल्याशिवाय बाकी कोणाला बसता येत नाही. ओसरीत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. भागाअक्का भिंतीला टेकून. नूतन हळदीच्या साडीत. बेबाबाईने हिरव्या काचेच्या बांगड्या समोर मांडल्या आणि हाक मारली.

सरिता येऊन तिच्यापुढे बसली. हातात घड्याळ, घड्याळाला रबरी काळा पट्टा. पहाटेच मोटर बंद करून आली होती.

"घड्याळ काढ, माय," बेबाबाई म्हणाली.

"राहू दे, बेबामावशी. मी भरस नही. तू नवरीले बसाड."

बेबाबाईचा हात टोपलीवरच थांबला. "आसं कसं? नवरीनी मायना हात भराबिगर मी पुढे जास नही. मनी सासू नही गई, मी बी नही जास."

ओसरीत कुजबुज सुरू झाली. बायांची कामं खोळंबली होती, चुलीवर आधण ठेवलेलं होतं, लहान पोरं रडत होती. पण रीत म्हणजे रीत. एकीच्या हातासाठी सगळ्यांचे हात अडले. जेठाणी म्हणाली, चार बांगड्यांनी काय मनगट मोडतं का. दुसरी म्हणाली, पोरीच्या सुखासाठी तरी. सरिता ऐकत बसून राहिली. बांगड्या न भरता उठली असती तर मोकळी झाली असती, पण मग कन्यादानाचा पाट गेला असता. म्हणून ती उठली नाही.

आणि नेमका तेव्हाच ईश्वर दारात आला. आबाने त्याला स्टेशनवरून आणलं होतं. केस काळेभोर रंगवलेले, मुळाशी पांढरे. हातात सुरतेचा लाल मखमली डबा. बायांनी पदर सावरले. सरिताला तो बघून काय वाटलं ते खरंच सांगायचं तर वाईट वाटलं. याच माणसासाठी आपण नंदुरबारपर्यंत रडलो होतो हे आठवलं, आणि इतका साधा, दमलेला, पोट सुटलेला माणूस बघून त्या रडण्याची लाज वाटली.

ईश्वरने डबा उंबऱ्याच्या आत सरकवला. सोनेरी किनारीच्या बांगड्या होत्या. "नूतननी माय, व्हई गयं ते व्हई गयं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोके देखी ऱ्हायनात. दोन दिनना सवाल शे. घाली ले." ती बघतच राहिली तेव्हा त्याने जरा आवाज चढवला. "मी जित्ता शे ना वं? जित्ता मानूसनी बायको आशी नागवा हातनी बठस का कोठे?"

सरिताने पदर खोचला. आजवर तिने त्याला चारचौघांत उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण तो चारचौघांत कधी नव्हताच.

"तुम्ही जित्ता शेतस, म्हनीसनच मी काढ्यात," ती म्हणाली. "मरी जातात ते माले काढानं कामच नव्हतं. लोकेस्नी फोड्या ऱ्हात्यात."

ईश्वरने आबाकडे बघितलं, आबाने आढ्याकडे.

सरिताने मनगटावरून घड्याळ काढलं. पालथं करून मांडीवर ठेवलं, नखाने बोंडी ओढली, काळा पट्टा एका बाजूने सुटला, मग दुसऱ्या. कमरेच्या पिशवीतून तिने हिरवा पट्टा काढला. सगळ्या बाया माना उंच करून बघत होत्या. कित्येकींनी हे गावगप्पांत ऐकलं होतं, होताना पाहिलं नव्हतं. काडी भोकात, बोंडी मागे, टक. दुसरीकडे टक. तिने घड्याळ मनगटावर बांधलं आणि हात बेबाबाईपुढे धरला.

"हिरवं पाहिजे ना हातमा? हाई देख हिरवं. भरना मना हात."

"पट्टाले कोनी चुडा म्हनस का?" बेबाबाई चाचरत म्हणाली.

"नको म्हनू. पन जे माले सोता घालता येस नि सोता काढता येस, तेच मना हातमा ऱ्हाई. तुले रीत पाळनी शे, माले पोर देनी शे. दोन्हीस्नं व्हवाले पाहिजे."

बेबाबाई गोंधळून भिंतीकडे वळली. रीतीचा निवाडा अक्काकडे, हे सगळ्यांना माहीत होतं. अक्काने आधीच हात पुढे केला होता. "तिना हात आठे दे."

सरिता सरकत गेली. अक्काची सुरकुतलेली बोटं मनगटावर आली, पट्ट्यावरून फिरली, बक्कल चाचपलं, काचेवर थांबली. मग तिने तो हात उचलून कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. आत सेकंदकाटा चालत होता.

"वाजस बी," अक्का म्हणाली. "हिरवा शे का?"

"हिरवागार शे, अक्का," नूतनने उत्तर दिलं.

"मंग मना कानले इतलं पुरे. एक डाव हाऊ हात धरीसन मी भलतीच रडनी. बेबा, नवरीनी मायना हात भरना. नवरीले बसाड."

बेबाबाईने कपाळाला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं आणि टोपली पुढे ओढली. थोरलीचा शब्द पडला म्हणजे दोष तिच्या अंगावर नव्हता. नूतन आईच्या जागी येऊन बसली आणि हात पुढे केला. बाया एकमेकींत सरकून जागा करायला लागल्या. मखमली डबा उंबऱ्यात तसाच राहिला, येणारे-जाणारे तो ओलांडत राहिले. शेवटी एका बाईने तो पायात येतो म्हणून कोनाड्यात सरकवला.

बाहेर अंगणात आबा ईश्वरला म्हणत होता, ते सरिताच्या कानावर पडलं. "बांगड्यास्नं बायास्नी निभावं. पाटनं मी देखस. तू पक्का बठ."

लग्नाच्या दिवशी मांडवात गर्दी मावत नव्हती. धुळ्याहून दोन गाड्या भरून वऱ्हाड आलं होतं. गुरुजींना त्या दिवशी तीन लग्नं होती, पुढचं चोपड्याकडे. त्यांचा एक डोळा पोथीत आणि एक मोबाइलवर. होमाजवळ त्यांनी दोन पाट शेजारी मांडले आणि हाक दिली, "कन्येचे आईवडील या."

सरिता येऊन एका पाटावर बसली. हिरवा पट्टा, नवी साडी, कपाळावर तिने स्वतः लावलेली टिकली. आबाने ईश्वरला पाठीत हात लावून पुढे केलं. ईश्वर धोतर सावरत आला आणि खाली वाकला. सरिताने दुसऱ्या पाटावर आपला पंजा सपाट ठेवला. जोर काही लावला नाही. नुसता ठेवला.

"हाई जागा नही," ती म्हणाली.

आबा तिच्या कानाशी आला. "सरिता, मांडवमा तमाशा नको करू. व्याही उठी जातीन."

"जातीन ते जातीन, आबा. मी उठस नही."

पोरीचं लग्न मोडलं असतं तर तिने स्वतःला माफ केलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी पंजा हलला नाही. समोर नूतन मुंडावळ्यांतून बघत होती. तिने शेजारच्या योगेंद्रला कोपराने हळूच ढोसलं. योगेंद्र म्हणाला, "गुरुजी, आई बसल्या आहेत. सुरू करा ना." त्याचा बाप मागे फेटा सारखा करत होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला आणि फेटाच सारखा करत राहिला. उठला मात्र नाही.

गुरुजी घामाघूम झाले. "बाई, एकटीने कसं चालेल? शेजारी कोणीतरी हवं."

"मानूस नसना म्हंजे शेजारी सुपारी ठेवतस ना?" सरिता म्हणाली. "ठेवा."

"अहो, ती बायकोच्या जागी ठेवतात. नवऱ्याच्या जागी कोण ठेवतं?"

"सुपारीले काय समजस, गुरुजी, ती बाईना जागावर शे का गडीना?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी ओठ चावला. "पण सुपारी माणूस हजर नसला तर ठेवतात. यजमान तर हे समोर उभे आहेत."

सरिताने मान वळवून मांडवभर नजर टाकली. खांबाला टेकलेले, पंख्याखाली दाटलेले, मोबाइलवर फोटो काढणारे.

"हुभा मानसे मांडवमा बराच शेतस," ती म्हणाली. "ज्या दिन पोर आजारी पडनी त्या दिन एक बी हुभा नव्हता. तव्हय बी सुपारीच होती समजा."

गुरुजींनी मोबाइलवर वेळ बघितली. चोपड्याचा मुहूर्त त्यांच्या डोळ्यांसमोर पळत होता. शास्त्र काय म्हणतं ते त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे, पण घड्याळ काय म्हणतं ते स्पष्ट होतं. त्यांनी तबकातून एक सुपारी उचलली, पाटावर मूठभर तांदूळ ओतले, त्यावर ती ठेवली आणि तिला हळदीकुंकू वाहिलं. "चला, हात पुढे करा."

ईश्वर अर्धवट वाकलेला होता तसाच सरळ झाला. कोणीतरी त्याच्या हातात अक्षता दिल्या. त्या त्याने मुठीत धरल्या आणि दोन पावलं मागे गेला, मग गर्दीने त्याला आणखी दोन पावलं मागे ढकललं. मंत्र सुरू झाले. सरिताने दोन्ही हातांनी कळशी उचलली. नूतनच्या ओंजळीवर पाण्याची धार पडली, लेकीच्या हिरव्या काचांवरून, सरिताच्या हिरव्या पट्ट्यावरून, खालच्या तबकात. धार मध्येच तुटू नये म्हणून तिने दात आवळले होते. डोळे वाहत होते ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि तिला ते पुसायचेही नव्हते.

मग टाळ्या, बँड, अक्षतांचा पाऊस. आबा खुर्ची सावरत बसला. पुढे सगळं सुरळीत पार पडल्यावर त्याचाही चेहरा जरा मोकळा झाला. व्याही उठून गेले नव्हते, जेवायला बसले होते.

पंगत मोठी पडली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलबी. ईश्वर भावकीच्या ओळीत बसायला गेला तर तिथे जागा नव्हती, म्हणून तो वऱ्हाडाच्या ओळीत शेवटी बसला. शेजारी धुळ्याचे एक म्हातारे होते, लग्नात सगळ्यांची ओळख काढण्यातच जेवणापेक्षा जास्त गोडी असणारे. त्यांनी बट्टी चुरता चुरता विचारलं, "तुम्ही कुणाकडचे? पोराकडचे का पोरीकडचे?"

ईश्वरने घास उचलला, तो तसाच ताटात ठेवला. म्हातारे वाट बघत राहिले.

सरिता तुपाची तांबली घेऊन त्याच ओळीने येत होती. ती समोर येऊन थांबली.

"सुरतथाईन उनात," तिने म्हाताऱ्यांना सांगितलं. "पाव्हना शेतस." आणि ईश्वरच्या ताटाकडे वाकून म्हणाली, "बट्टी कोरडी शे तुमनी. हात काढा."

त्याने ताटावर आडवा धरलेला हात बाजूला घेतला. सरिताने तूप वाढलं, सगळ्या पाहुण्यांना वाढत होती तेवढंच, आणि पुढच्या ताटाकडे गेली.